जुन्या स्विफ्टचं सस्पेन्शन: शॉकअप आफ्टरमार्केटचा चालेल, रबर मात्र कंपनीचंच

ऑगस्ट २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टच्या पहिल्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या होताहेत. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी संपतं, मग फिटनेस दाखवून पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावं लागतं. त्यामुळे ‘विकायची की ठेवायची’ हा प्रश्न बऱ्याच घरांत चालू आहे. ऑइल वेळच्या वेळी बदललं असेल तर १.२ लिटरचं के-सिरीज पेट्रोल इंजिन या वयातही तक्रार करत नाही. तक्रार येते ती खालून. खड्ड्यात चाक गेलं की कटकट, ब्रेक मारला की ठक, स्टिअरिंग वळवलं की टुंग.

हा रिव्ह्यू त्या खालच्या पार्टांचा, म्हणजे चाकांना गाडीशी जोडून धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनचा. कुठला मारुतीचा घ्यावा, कुठे आफ्टरमार्केटने (दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या पार्टने) भागतं आणि कशाला हातही लावू नये. निकाल आधीच सांगून टाकतो: रबराचं जे काही आहे ते मारुतीच्या डब्यातलं घ्या, जे मुख्यतः लोखंड आणि तेल आहे ते नावाजलेल्या दुसऱ्या कंपनीचं चालतं. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. महागाचे शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) बसतात आणि त्यांच्या डोक्यावर दुकानातलं सगळ्यात स्वस्त लोकल माउंटिंग जातं. सहा महिन्यांत आवाज परत येतो आणि शिव्या शॉकअपला बसतात.

आधी खाली काय काय आहे ते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि कॉइल स्प्रिंग एकात एक. वर रबरी माउंटिंग आणि बेअरिंग, खाली नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग). नकलला खालून धरून ठेवतो तो एल आकाराचा लोअर आर्म; त्याला फ्रेमच्या बाजूला दोन बुश (लोखंडी नळीभोवती रबर असलेले सांधे) आणि चाकाच्या बाजूला बॉल जॉइंट (गोळ्यावर सगळीकडे फिरणारा सांधा). दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार, त्याला दोन लिंक रॉड. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा), त्यात स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. मागचं काम सोपं आणि खर्चही कमी. खरं दुखणं पुढचं, कारण इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकचा बहुतेक भार आणि स्टिअरिंग सगळं तिथेच. डिझेल गाडीत तर १.३ चं इंजिन आणखी जड, त्यामुळे पुढचे बुश पेट्रोलपेक्षा लवकर दमतात.

आवाज कुठला, ते आधी ठरवा

गॅरेजात गाडी गेली की बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन दणके दिले जातात आणि ‘शॉकअप गेले’ असा निवाडा होतो. ही दणक्यांची चाचणी अर्धीमुर्धीच कामाची आहे. दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. दोन-तीनदा झुलली तर शॉकअप खरोखरच गेला आहे. पण झुलली नाही म्हणजे तो चांगला आहे असं सिद्ध होत नाही. आणि कटकट आवाजाशी तर या चाचणीचा काही संबंधच नाही.

त्यापेक्षा हे करून पाहा. रिकाम्या रस्त्यावर हळू जाऊन स्पीडब्रेकर अगदी सरळ ओलांडा, दोन्ही चाकं एकदम वर. मग एकच चाक खड्ड्यात घाला. पहिल्या वेळी शांत आणि दुसऱ्या वेळी कटकट, तर संशय थेट लिंक रॉडवर. कारण साधं आहे: दोन्ही चाकं एकदम वर गेली की स्टॅबिलायझर बारला पीळ पडत नाही आणि लिंकवर जोर येत नाही, एकच चाक हललं की बार पिळला जातो आणि झिजलेला लिंक वाजतो. खात्री हवी असेल तर दोन्ही लिंक सोडून, बार तारेने वर बांधून, गल्लीतल्या गल्लीत वीसच्या स्पीडने एक चक्कर मारा. आवाज गेला तर गुन्हेगार सापडला. एकच लिंक सोडून तपासलं तरी चालतं, कारण एका बाजूने सुटलेला बार दुसऱ्या बाजूलाही जोर देऊ शकत नाही. लिंक सोडलेल्या गाडीने हायवेला मात्र जायचं नाही. वळणावर ती नेहमीपेक्षा जास्त कलते.

ब्रेक दाबताना किंवा क्लच सोडताना एकच जाड ‘ठक’ येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश. गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवलं आणि वरून ‘टुंग’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटच्या डोक्यावरचं बेअरिंग. हे तपासायला दुसरा माणूस लागतो. त्याला स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगा आणि आपण स्प्रिंगवर हात ठेवा. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग सलग फिरते. जाम असेल तर ती आधी नुसतीच ताणली जाते आणि मग एकदम उडी मारून पुढे सरकते. हाताला झटका बसतो. बोटं वेटोळ्यांच्या मध्ये घालायची नाहीत, बाहेरून तळवा टेकवायचा.

चाक उचलून हलवायच्या चाचणीत नेहमी गल्लत होते. घड्याळातल्या ३ आणि ९ वर धरून हलवल्यावर ढिलं लागलं तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड (स्टिअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याची दोन टोकं). १२ आणि ६ वर ढिलं लागलं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दोन्हीकडे सारखंच ढिलं लागलं तर बेअरिंगकडेच आधी पाहावं. आणि हो, हे सगळं करण्याआधी डिकीतला जॅक आणि पाना काढून एक चक्कर मारून या. बॅटरीचा क्लॅम्प, ब्रेक कॅलिपरच्या झिजलेल्या पिना, सायलेन्सरचं तुटलेलं रबर, इंजिन माउंटिंग: सस्पेन्शनच्या नावावर खपणारे आवाज पुष्कळ आहेत.

लोअर आर्म: पैसे इथे घाला

आर्म पूर्ण घ्यावा की नुसते बुश, यावर दोन तट आहेत. नुसते बुश काही शेकड्यांत येतात, पूर्ण आर्म हजाराच्या घरात जातो. तरीही दहा-बारा वर्षांच्या गाडीला पूर्ण आर्मच घ्यावा. तीन कारणं. एक, बॉल जॉइंट आर्मसोबतच येतो आणि बुश फाटेपर्यंत त्याचंही आयुष्य बहुतेक संपत आलेलं असतं. दोन, बुश बदलायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. रस्त्यावरच्या गॅरेजात तो नसेल तर हातोडा आणि जुन्या पाइपाचा तुकडा घेऊन बुश ठोकला जातो. बाहेरची बांगडी वाकडी होते किंवा आर्मचं पत्र्याचं घर ताणलं जातं, आणि नवा बुश थोड्या दिवसांत घरातच सरकायला लागतो. तीन, बुश कुठल्या कोनात बसवायचा हे ठरलेलं असतं. चुकीच्या कोनात दाबलेला बुश मऊ हवा तिथे कडक आणि कडक हवा तिथे मऊ लागतो.

फाटलेला बुश जवळून कसा दिसतो ते एकदा पाहून ठेवा. गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजातल्या खड्ड्यावर घ्या. आर्म आणि फ्रेम यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच दाबा. रबर आहे म्हटल्यावर थोडं हलणारच, तो दोष नाही. पाहायचं ते रबर आणि आतली लोखंडी नळी यांच्या सांध्यात. चांगल्या बुशात तो सांधा एकसंध काळा असतो. फाटलेल्यात टॉमी दाबताच काळ्या ओठांसारखी फट उघडते, आतल्या बाजूला बारीक काळी भुकटी आणि गंजाची तांबूस रेघ दिसते. कोकणातल्या गाड्यांत ही रेघ जाड असते. खारी हवा आणि जांभ्याचा चिखल दोन्ही तिथे जाऊन बसतात. एक फसगत टाळा: काही बुशांत मुळातच चंद्रकोरीसारख्या पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या दाखवून ‘बघा, फाटलंय’ म्हणणारे भेटतात. पोकळीची कड गुळगुळीत असते, फाटलेल्याची दातेरी.

मारुतीचा आर्म आणि स्वस्तातला लोकल आर्म शेजारी ठेवले तर रंगाने सारखेच दिसतील. फरक बॉल जॉइंटच्या बुटात (रबरी टोपीत) आणि बुशाच्या रबरात. लोकल बुशाचं रबर नखाने दाबलं तर एक तर चिकट मऊ लागतं, नाहीतर टायरसारखं कडक. बॉल जॉइंटची दांडी हाताने हलवून पाहा: नवा असताना ती घट्ट, सारख्या जोराने फिरायला हवी. बोटाने सहज डुलत असेल तर दुकानातच परत द्या. स्टिअरिंग आणि बॉल जॉइंटच्या पार्टांत राणे हे नाव जुनं आहे. टाय रॉड एंड आणि रॅक एंड त्या दर्जाचे घेतले तर मारुतीच्या डब्याचा आग्रह धरायचं कारण नाही. आर्मच्या बाबतीत मात्र धरा.

शॉकअप

मारुती स्वतः शॉकअप बनवत नाही, ते पुरवठादार कंपन्यांकडून येतात. गॅब्रिएल इंडिया ही त्यातलीच एक. आनंद समूहाची, १९६१ साली सुरू झालेली आणि चाकण-नाशिकला कारखाने असलेली ही कंपनी आपल्याकडे कुठल्याही स्पेअरच्या दुकानात सहज मिळते. तिचे गॅस स्ट्रट या गाडीला व्यवस्थित चालतात, मनरोचेही मिळतात. मारुतीच्या डब्यातला आणि गॅब्रिएलचा स्ट्रट यांत रोजच्या वापरात जाणवेल असा फरक नाही. थोडा कडक-मऊपणा असतो, तो नवे टायर बसवल्यावर जेवढा वाटतो तेवढाच. म्हणून इथे वाचलेले पैसे माउंटिंगमध्ये घाला.

शॉकअप बदलायचाच कधी? नुसता ओलसर दिसला म्हणून नाही. दांडीबरोबर तेलाचा पातळ थर वर येतो, त्यावर धूळ बसते. असा घाम चालतो. नळीवरून खाली ओघळ उतरलेला असेल, चिखलाचा लगदा झाला असेल तर तेल सोडलं आहे. टायरवरून हात फिरवल्यावर ठरावीक अंतराने खळगे लागले तरी शॉकअपकडेच बोट जातं: चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारतं आणि जिथे आदळतं तिथे रबर खातं. एका बाजूचा गेला तरी जोडी बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर ब्रेकवर आणि ओल्या वळणावर गाडीच्या दोन बाजू वेगवेगळ्या वागतात.

घेताना दुकानदाराला ‘स्विफ्टचा शॉकअप द्या’ एवढंच सांगू नका. पेट्रोल की डिझेल, कुठल्या सालची, डावा की उजवा. ब्रेकच्या होजची (लवचिक नळीची) क्लिप आणि लिंकचं ब्रॅकेट यामुळे डावा-उजवा वेगळा असतो. सगळ्यात बरं म्हणजे चेसिस नंबर देऊन मारुतीच्या काउंटरवरून पार्ट नंबर काढून घ्या, मग हवं त्या कंपनीचा त्याला जुळणारा मागा. मारुतीच्याच डिझायर आणि रिट्झचे बरेच पार्ट स्विफ्टला ‘बसतात’, पण बसणं आणि जुळणं यात फरक आहे. स्प्रिंग आणि मागचे शॉकअप तर या भरवशावर घेऊच नयेत.

डबा उघडल्यावर स्ट्रट उभा धरून दांडी पूर्ण आत दाबा आणि सोडा. गॅसचा असेल तर ती आपोआप, सावकाश वर येते. पहिल्या एक-दोन वेळा मध्येच एखादी रिकामी जागा लागते, म्हणजे दांडी सर्रकन घसरते. आडव्या पडून राहिलेल्या स्ट्रटमध्ये तेलाच्या कोठडीत गॅसचे बुडबुडे गेलेले असतात, त्याची ही खूण. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली केला की बुडबुडे वर निघून जातात आणि दांडी दोन्हीकडे सारख्या जोराने चालते. पाच वेळा करूनही रिकामी जागा गेली नाही तर तो पीस सदोष आहे; बसवू नका, लगेच परत करा. बसवल्यानंतर परतीवर दुकानदार वाद घालतो. दांडीला पक्कड लावायची नाही, कापड गुंडाळूनही नाही. क्रोमवर उमटलेला एक ओरखडा प्रत्येक खड्ड्याला सील कापत राहतो.

माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट कव्हर

ही चिल्लर वाटते म्हणून जुनीच परत बसवली जाते. शॉकअप बदलताना स्प्रिंग उतरवलेलीच असते, म्हणजे मजुरी तीच. नंतर फक्त माउंटिंगसाठी पुन्हा सगळं उघडायचं तर तेवढीच मजुरी दुसऱ्यांदा. म्हणून पुढच्या जोडीला दोन माउंटिंग, दोन बेअरिंग, दोन बंप स्टॉप आणि दोन डस्ट कव्हर एकाच बिलात घ्या, सगळी मारुतीची. बंप स्टॉप हा पिवळट फोमसारखा तुकडा असतो. जुन्या गाडीत तो हात लावला की चुरा होऊन पडतो. तो नसला की मोठ्या खड्ड्यात शॉकअप थेट तळाला आपटतो आणि नव्या शॉकअपचा आतला व्हॉल्व्ह मार खातो. डस्ट कव्हर फाटलेलं असेल तर दांडीवर वाळू बसते आणि सील जातं. नवे शॉकअप वर्षभरात गेले असं ऐकलं की आधी हे दोन तुकडे बदलले होते का ते विचारावं.

स्प्रिंग सहसा बदलावी लागत नाही. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेपने मोजा. दोन बाजूंत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर नीट तपासा. सगळ्यात खालचं वेटोळं आधी बघा. रंग उडून गंज धरतो तो तिथेच, आणि तुटतेही तिथेच. तुटलेला तुकडा बशीत (स्प्रिंग जिच्यावर टेकते तिथे) अडकून राहतो, वरून पाहिलं तर कळतही नाही.

लिंक रॉड

स्वस्त, बदलायला सोपा आणि बहुतेक कटकटीचं मूळ. चांगल्या नावाचा आफ्टरमार्केट लिंक चालतो. दोन्ही टोकांचे बूट हाताने दाबून पाहा, आत ग्रीस जाणवायला हवं. बूट फाटलेला नवा लिंक एका पावसाळ्याचा सोबती. काढताना नट फिरतो आणि आतली दांडीही सोबत फिरते, ही नेहमीची अडचण. टोकाला ॲलन कीची (षटकोनी किल्लीची) खाच असेल तर ती धरून नट सोडवा; गंजून खाच गोल झाली असेल तर नट ग्राइंडरने कापा. तिथे तासभर घालवण्यात अर्थ नाही, लिंक फेकायचाच आहे. बारला फ्रेमवर धरणारे दोन रबर बुशही सोबत तपासा. जागा अडचणीची असल्याने मेकॅनिक ते टाळतो, आणि मग लिंक नवे होऊनही बारीक करकर राहते.

हे घेऊ नका

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफर ऑनलाइन जोरात विकले जातात. गाडी वर उचलली जाते हे खरं, कारण त्या जागी स्प्रिंग दबायचीच बंद होते. उरलेल्या वेटोळ्यांवर जास्त ताण येतो, शॉकअप नेहमीपेक्षा ताणलेल्या जागी काम करतो आणि आदळआपट माउंटिंगवर जाते. बसलेल्या स्प्रिंगवर उपाय म्हणजे नवी स्प्रिंग.

‘रिपेअर’ केलेले शॉकअप: नळीला भोक पाडून तेल भरायचं, वेल्डिंग करून वरून काळा रंग. आतलं सील आणि व्हॉल्व्ह जुनेच, गॅस गेलेला. रंग ताजा आणि वेल्डिंगचा टिपका दिसला की समजावं. भंगारातून आणलेला दुसऱ्या गाडीचा शॉकअपही याच जातीचा. कुर्ल्याच्या बाजारातून दरवाजा, आरसा, हेडलाइट खुशाल आणा. बॉल जॉइंट आणि शॉकअप नाही.

पॉलियुरेथेनचे (रबराऐवजी कडक प्लास्टिकसारखे) बुश टिकतात भरपूर, पण रस्त्याची प्रत्येक खडी सीटपर्यंत आणून पोचवतात आणि ग्रीस सुकलं की करकरतात. घरच्या गाडीला त्यांची गरज नाही.

बसवताना काय चुकतं

चांगले पार्ट आणून काम बिघडतं ते बहुधा एकाच ठिकाणी: लोअर आर्मचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असतानाच पूर्ण आवळले जातात. बुशाचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं आणि बोल्ट आवळला की ती नळी फ्रेमला पक्की होते. त्यानंतर आर्म हलतो तो रबर पिळूनच. चाक खाली लोंबत असताना आवळलं तर रबरासाठी तीच ‘सरळ’ जागा ठरते. गाडी खाली उतरवली की आर्म वर जातो आणि बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो. खड्डा आला की त्यावर आणखी पीळ. असा बुश मारुतीचा असला तरी काही महिन्यांत फाटतो. बरोबर पद्धत: बोल्ट हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा (रॅम्पवर, नाहीतर आर्मखाली जॅक लावून गाडीचं वजन त्यावर घ्या), दोन-तीनदा दाबून हलवा आणि मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) शेवटचं आवळा. गॅरेजवाल्याला हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगा. काही जण हसतील, पण करतील.

स्प्रिंग उतरवताना कॉम्प्रेसरचे (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराचे) दोन हुक समोरासमोर, आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. स्प्रिंग दोन्ही बशांतून सैल झाल्याशिवाय वरच्या नटाला पाना लावायचा नाही. दबलेल्या स्प्रिंगमधली ताकद हात मोडायला पुरेशी असते. सुंभ किंवा तार बांधून केलेला जुगाड पाहिला तर गाडी उचलून दुसरीकडे न्या. परत जोडताना स्प्रिंगचं टोक खालच्या बशीतल्या पायरीला टेकलं आहे का ते डोळ्यांनी पाहा. दांडीवरचा नट हवेच्या गनने मारायचा नाही, आत पिस्टन गरगर फिरतो. दांडी ॲलन कीने धरून हाताने आवळायचा. वरच्या माउंटिंगपर्यंत हात जायला या गाडीत वायपर आणि त्याखालचं प्लास्टिकचं काउल काढावं लागतं. घाईत त्याच्या क्लिपा तुटतात आणि मग पावसाचं पाणी भलत्या वाटेने उतरतं. क्लिपा मोजून ठेवा.

स्ट्रट सोडल्यावर नकल ब्रेकच्या होजवर लटकू द्यायची नाही, तारेने बांधून ठेवायची. ती बाहेरच्या बाजूला फार झुकली तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटतो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत सेन्सरची वायर आधी क्लिपमधून मोकळी करा. बॉल जॉइंटची दांडी नकलमधून निघत नसेल तर फटीत छिन्नी अलगद बसवून ती किंचित उघडा. नकलवर घण घालू नका. परत बसवताना दांडीवरची खाच बोल्टच्या समोर आली पाहिजे. बोल्ट आरपार जात नसेल तर दांडी पूर्ण आत गेलेली नाही. ठोकून बोल्ट घातला तर आटे मरतील आणि पुढे बॉल जॉइंट निसटून चाक आडवं पडायचा धोका. सुटलेले सेल्फ-लॉकिंग नट पुन्हा वापरू नयेत, नवे घ्यावेत.

टाय रॉड एंड काढण्याआधी लॉक नटच्या जागी रंगाची रेघ मारा आणि काढताना फेरे मोजा. नवा तितक्याच फेऱ्यांवर बसवला की गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. स्ट्रट आणि नकलच्या बोल्टांच्या भोकांत थोडी ढील असते, त्यामुळे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) किंचित बदलतो. दोन्ही बाजूंना नकल सारखीच (दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर) ढकलून आवळली नाही तर गाडी एका अंगाला ओढते आणि अलाइनमेंटवाला म्हणतो, कॅम्बर सेट होत नाही. त्याचं खरं आहे; त्याच्या हातात पुढच्या चाकांचा टो (वरून पाहिलं तर चाकं किती आत-बाहेर वळली आहेत ते) आहे, बाकी कंपनीने ॲडजस्टमेंट दिलेलीच नाही.

दुकान आणि बिल

पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट: मारुतीचे पार्ट ढिगाने मिळणाऱ्या जागा, आणि मारुतीचे नकली डबेही तिथूनच फिरतात. होलोग्रॅम, पार्ट नंबर आणि एमआरपीचं स्टिकर तिन्ही पाहा. छपाई पुसट, पार्ट नंबर डब्यावर एक आणि आतल्या पार्टवर दुसरा, असं असेल तर सोडून द्या. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडून रबर घेऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, तेव्हा बिलावर कुठला दर लावलाय ते बघा. जुन्या छापील किमतीचे डबे अजून कपाटात असू शकतात. रबराच्या बाबतीत डब्यावरचा तयार केल्याचा महिनाही वाचा. पाच वर्षं कपाटात पडलेलं माउंटिंग नवं म्हणवत नाही.

गॅरेज निवडताना तीनच प्रश्न पुरतात: स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे का, टॉर्क रेंच आहे का, आर्म गाडी खाली उतरवून आवळणार का. पुढचं संपूर्ण काम (दोन स्ट्रट, दोन आर्म, दोन लिंक, दोन टाय रॉड एंड) जाणता मेकॅनिक हेल्पर घेऊन अर्ध्या-पाऊण दिवसात करतो. दोन तासांत गाडी परत देतो म्हणाला तर काहीतरी गाळतोय. जुने पार्ट डिकीत मागून घ्या.

मागचं थोडक्यात: दोन शॉकअप, त्यांचे बंप स्टॉप आणि स्प्रिंगखालची रबरी सीट. शॉकअप सुटायच्या आधी बीमखाली जॅक हवा, नाहीतर बीम एकदम खाली येऊन ब्रेकचा पाइप ताणतो. मागचं अलाइनमेंट होत नाही. मशिनवर मागचा टो चुकलेला दिसला तर बीम वाकलेला आहे किंवा त्याचे पुढचे दोन बुश गेले आहेत.

काम झाल्यावर अलाइनमेंट लगेच करा, पण गाडी आधी थोडी फिरवून, बुश जागेवर बसवून. चाकांचे नट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. नव्या बुशांनी पहिले काही दिवस स्टिअरिंग जड वाटतं, ते ठीक. मात्र वळून झाल्यावर ते स्वतःहून मध्यावर येत नसेल तर बेअरिंग उलटं बसलंय किंवा माउंटिंग तिरकं आवळलंय. काउल पुन्हा उघडायला लावा.